बंदरावरचा कॉम्प्युटर आणि त्याची थकलेली डिस्क

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच औषध सांगतात : फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. आमच्या संस्थेतही तेच सांगून झालं होतं. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर त्यांनी मशीन न बघताच सांगितलं, की एक तर फॉरमॅट करून घ्या नाही तर नवीन घ्या. मला हे दोन्ही पटलं नाही. नौकेचा तळ न तपासता वरून रंग मारायचा, असला तो प्रकार वाटला. वेळ नेमका कुठे जातोय ते आधी शोधायचं आणि मगच कशाला हात लावायचा, हे मी ठरवलं आणि तसंच केलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण किनारपट्टीवरच्या बहुतेक लहान कचेऱ्यांत, शाळांत आणि दुकानांत हेच दुखणं असतं.

आमची मच्छीमार संस्था हर्णै बंदराजवळ आहे. सभासदांच्या नौकांचं डिझेल, डिझेलवरच्या विक्रीकराच्या परताव्याची प्रकरणं, परवाने आणि विम्याची कागदपत्रं, भागभांडवल, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. हिशेब मी बघते. मशीन जुनं, विंडोज १० वर चालणारं, चार जीबी रॅम आणि एक टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत सहा-साडेसहा मिनिटं जात. हंगामात पहाटे डिझेलच्या पावतीसाठी माणसं उभी असतात. एक नाखवा काका तर मला म्हणाले, "ताई, तुमचा हा सुरू होईपर्यंत आमची बोट सुवर्णदुर्गाच्या पलीकडे जाते." पावसाळी बंदी लागली, नौका आंजर्ल्याच्या खाडीत गेल्या, तशी मला या कामाला सवड मिळाली.

पहिलं काम घड्याळ लावून बघणं. "स्लो आहे" या तक्रारीचे चार वेगळे तुकडे पडतात : बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत, चिन्हापासून पासवर्ड मागेपर्यंत, पासवर्डपासून डेस्कटॉप दिसेपर्यंत, आणि डेस्कटॉप दिसल्यावर तो खरोखर हाताला लागेपर्यंत. प्रत्येक तुकड्याचा गुन्हेगार वेगळा असतो. पहिला तुकडा विंडोजचा नसतोच, तो मदरबोर्डवरच्या बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रामचा असतो. तिथे विंडोज कितीही वेळा नव्याने टाकलं तरी एक सेकंद वाचत नाही. आमच्याकडे पहिल्या तुकड्याला पाऊण मिनिट, दुसऱ्याला दीड मिनिट, आणि उरलेला सगळा वेळ पासवर्ड दिल्यानंतर जात होता.

पाऊण मिनिट बायोससाठी फारच झालं. नव्या पद्धतीच्या, म्हणजे यूईएफआय बायोस असलेल्या मशीनवर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजवीकडे 'लास्ट बायोस टाइम' लिहिलेला असतो, तिथेही तोच आकडा होता. कारणं साधी निघाली. बूटच्या क्रमात नेटवर्क सर्वांत वर होतं, म्हणजे मशीन रोज आधी नेटवर्कवर विंडोज शोधून दमत होतं आणि मग डिस्ककडे वळत होतं. शिवाय एक कार्ड रीडर आणि एक पेन ड्राइव्ह कायम मागे खोचलेले. क्रम बदलला, ते दोन्ही काढले, पाऊण मिनिटाचे पंधरा सेकंद झाले. याच वेळी लक्षात आलं, की रात्री लाइट गेली की सकाळी तारीख मागे जाते. ते बायोसच्या बॅटरीमुळे. रुपयाच्या नाण्यासारखी गोल पण त्याहून जाड, सीआर२०३२ नावाची तीन व्होल्टची ती बॅटरी घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते. तारीख चुकली की सरकारी पोर्टल सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत, आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. बॅटरी बदलली की सुटलं.

मग पासवर्डनंतरचा भाग. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या स्टार्टअप टॅबमध्ये विंडोजबरोबर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामची यादी असते आणि प्रत्येकापुढे त्याचा भार 'हाय', 'मीडियम', 'लो' असा लिहिलेला असतो. आमच्या यादीत लॉकडाउनमधलं मीटिंगचं ॲप होतं, कधीच मोडीत गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता, आणि दोन अँटिव्हायरस होते. दोन अँटिव्हायरस म्हणजे सुरक्षा दुप्पट, असं चेअरमनसाहेबांना वाटत होतं. खरं तर दोघंही उघडणारी प्रत्येक फाइल तपासायला धावतात आणि एकमेकांच्या पायात येतात. मुदत संपलेला पूर्ण काढून टाकला. बाकीचे 'डिसेबल' केले, काढले नाहीत, कारण डिसेबल केलेलं परत चालू करता येतं. ग्राफिक्स, साउंड आणि चालू प्रिंटरच्या वस्तूंना हात लावला नाही. ज्याचं नाव ओळखीचं नाही ते आधी शोधायचं, मग बंद करायचं. या सफाईने मिनिटभर वाचलं. चांगलंच, पण अजून चार मिनिटं उरत होती आणि त्यांचं कारण या यादीत नव्हतं.

त्याचा सुगावा टास्क मॅनेजरच्याच परफॉर्मन्स टॅबमध्ये लागला. डिस्कचा आलेख सुरुवातीपासून १०० टक्क्यांवर चिकटलेला होता, पण खाली वाचनाचा वेग बघावा तर सेकंदाला काही शे केबी. डिस्क पूर्ण गुंतलेली आहे आणि काम मात्र होत नाही, ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नुसती १०० टक्के आणि वेगही भरपूर, तर कोणीतरी खरंच खूप वाचतंय असं समजावं. १०० टक्के आणि वेग जवळजवळ शून्य, तर डिस्क कुठेतरी अडखळते आहे.

विंडोज स्वतः प्रत्येक सुरुवातीची नोंद ठेवतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत आत जायचं. तिथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एकेका बूटचा हिशेब, मिलिसेकंदांत. डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा वेळ, दोन्ही तपशिलात वेगळे दिलेले असतात. १०१ क्रमांक कुठला प्रोग्राम रेंगाळला ते सांगतो, १०२ कुठला ड्रायव्हर, १०३ कुठली सर्व्हिस. या जुन्या नोंदी वाचताना दिसलं, की हिवाळ्यापर्यंत आकडे बरे होते आणि मार्चपासून ते चढत गेले. म्हणजे हे हळूहळू साचलेल्या कचऱ्याचं काम नव्हतं, काहीतरी बिघडत चाललं होतं. सिस्टम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या, त्यात 'बॅड ब्लॉक' असं स्पष्ट लिहिलेलं. १५३ क्रमांकाच्याही होत्या; त्यांचा अर्थ, डिस्ककडे मागितलेलं एकदा मिळालं नाही म्हणून पुन्हा मागावं लागलं.

तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा छोटा प्रोग्राम चालवला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्राम ती वही उघडून दाखवतो. निळा 'गुड' येण्याऐवजी पिवळा 'कॉशन' आला. खालच्या यादीत ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. सी६ म्हणजे दुरुस्तीपलीकडचे. सी७ मात्र डिस्कच्या आतला दोष नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलवर माहिती बिघडली, की तो आकडा वाढतो. एक काळजी घ्यावी : हा प्रोग्राम मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीने दाखवतो, त्यामुळे तिथला १० म्हणजे आपला १६. सेटिंगमधून दशमान करून घेता येतं. आमच्याकडे सी५ मध्ये डझनांनी सेक्टर होते आणि सी७ हजारात.

अशा एका अडलेल्या सेक्टरने एवढा वेळ कसा जातो? धड फिरणाऱ्या डिस्कलाही विखुरलेली माहिती गोळा करायला वेळ लागतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीची अर्धी फेरी म्हणजेच चार मिलिसेकंद, वर वाचणारा काटा जागेवर नेण्याचे आठ-नऊ. सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा ती असं उचलू शकते, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे मागतं. त्यात एखादा तुकडा खराब सेक्टरवर असला, तर घरगुती वापराची डिस्क तो वाचायचा हट्ट सोडत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि त्यात कित्येक सेकंद घालवते. तोवर मागचे सगळे रांगेत.

इथे माझं एक ठाम मत आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगते. पिवळा रंग दिसला, की दुरुस्ती नंतर, माहिती आधी. नेटवर जिकडेतिकडे चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, चालवा असं लिहिलेलं असतं. चेकडिस्क वाईट नाही, पण 'आर' लावून चालवलं तर ते अख्खी डिस्क कोपऱ्याकोपऱ्यातून वाचायला लावतं. आजारी डिस्कला तासन्‌तास असं राबवलं तर ती त्यातच जाऊ शकते. शिवाय त्याचं काम फाइलींची मांडणी सुसंगत करणं हे आहे, तुमची माहिती वाचवणं हे नाही. मोडकी फाइल ते तोडूनही टाकतं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. आणि उलट बाजूही त्याच अभ्यासात आहे : बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. म्हणजे पिवळा दिसला तर पळा, आणि निळा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

कॉपी करताना मी मशीन बंदच केलं नाही, कारण थकलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेल याची खात्री नसते. आधी हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा, मग परताव्याची प्रकरणं, मग सभासदांच्या कागदपत्रांचे स्कॅन, फोटो सर्वांत शेवटी. अख्खा 'सी' ड्राइव्ह एकदम कॉपीला लावायचा, असं केलं नाही. जे पुन्हा कुठूनच मिळणार नाही ते पहिलं. एका फोल्डरवर कॉपी अडली, हिरवी पट्टी तशीच थांबली आणि डिस्कमधून बारीक टकटक ऐकू यायला लागली. ते फोल्डर बाजूला ठेवून बाकीचं सगळं पुढे नेलं आणि शेवटी त्यातल्या फाइली एकेक करून घेतल्या. दोन स्कॅन तेवढे आले नाहीत. त्यांचे मूळ कागद कपाटात होते.

सगळं बाहेर आल्यावर मग कॅबिनेट उघडलं. प्लग काढून, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि झाकण सरकवलं. समुद्र दोनशे पावलांवर, खिडकी नेहमी उघडी. पंख्याच्या पात्यांवर ओलसर, चिकट काळी धूळ बसलेली. कोरडी धूळ फुंकरीने जाते, ही जात नाही. स्क्रूंच्या डोक्यांना गंज. पॉवर सप्लायच्या मागे पालीची अंडी. आणि डिस्कची साटा केबल काढली, तर तिच्या टोकाच्या पट्ट्यांवर हिरवट कळंक चढलेला. सी७ मधले हजार तिथून आले होते. खारी हवा तांब्याचं हेच करते, आणि कचेरी रात्रभर बंद राहून सकाळी गार मशीनवर दमट हवा आली, की ओल धरते. केबल बदलली, ती फारच स्वस्त वस्तू आहे. जुना आकडा कमी होत नाही, तो कायम तेवढाच दिसतो, पण पुढे वाढायचा थांबला का हे बघायचं. थांबला. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या आणि रबराचा भुगा ब्रशने झटकला. बाकी ठिकाणी पाणी नाही, घरगुती स्प्रे नाही, फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पंखा साफ करताना तो बोटाने धरून ठेवावा, ब्लोअरच्या वाऱ्यावर गरगर फिरू देऊ नये. हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवायला ते असतं. त्यावर चिकटपट्टी लावू नये आणि तिथे फवाराही मारू नये.

केबलने डिस्क सुधारली नाही, सी५ तसाच होता. तेव्हा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, घेतली. अडीच इंची, साध्या साटा केबलवर चालणारी, जुन्या मशीनला तीच बसते. तिच्यात काही फिरत नाही, त्यामुळे विखुरलेली माहिती उचलायला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करता येते, पण खराब सेक्टर असलेल्या डिस्कचा क्लोन म्हणजे तिच्यातल्या मोडक्या फाइलीसुद्धा बरोबर नेणं. म्हणून विंडोज नव्याने टाकलं आणि डेटा परत ठेवला. म्हणजे शेवटी दुकानदार म्हणत होता तसं नवं विंडोज टाकावंच लागलं, पण ते नव्या डिस्कवर. जुन्यावरच फॉरमॅट मारला असता तर चार दिवस बरं वाटून सगळं पुन्हा तिथेच आलं असतं, आणि परताव्याची प्रकरणं हातची गेली असती. रॅमही आठ जीबी केली, कारण चार जीबीत विंडोज सारखी डिस्ककडेच जागा उसनी मागतं. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात पासवर्ड मागतं आणि पासवर्ड दिला की लगेच काम सुरू करता येतं.

जुनी डिस्क बॅकअपसाठी वापरू या, असं संस्थेत दोघा-तिघांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. जिच्यावर कामाची माहिती ठेवायचा विश्वास राहिला नाही, तिच्यावर बॅकअपचा कसा ठेवायचा?

देखभालीचं आता एवढंच करते. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग मांडणं, करत नाही, त्याने फायदा शून्य आणि उगाच झीज. विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' खिडकीत ती 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' म्हणून दिसते ना, तेवढं पाहिलं. तशी दिसत असेल तर विंडोज आठवड्याला तिला फक्त ट्रिम देतं, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली ते कळवतं. पाचवा भाग रिकामा ठेवते. 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं आहे. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवलेली असते. टास्क मॅनेजर रोज बंद केलेलं मशीन कित्येक दिवस चालू असल्याचं दाखवतो ते त्यामुळेच. फिरत्या डिस्कवर त्याचा उपयोग होता. एसएसडीवर फरक दोन-चार सेकंदांचा, आणि आमच्यासारख्या ठिकाणी जिथे लाइट कधीही जाते तिथे रोज स्वच्छ बंद होऊन स्वच्छ सुरू झालेलं मला बरं वाटतं. यूपीएसची मेलेली बॅटरी बदलून घेतली, तिच्याशिवाय बाकीच्याला अर्थ नव्हता. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं, की नुसता स्विच बंद करत नाही, प्लग काढते आणि मोडेमची वायरही काढते. वीज तिच्यातूनही येते.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मी सगळ्यांच्या मागे लागते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यात किती कचेऱ्यांची कौलं आणि पत्रे गेले आणि नंतर किती आठवडे लाइट नव्हती, ते इथल्या कुणाला सांगायला नको. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच छपराखाली असतील तर तो बॅकअप नव्हे. आमची एक प्रत कचेरीत, दुसरी चेअरमनसाहेबांच्या दापोलीच्या घरी, बंदरापासून लांब, आणि चालू वर्षाचा हिशेब क्लाउडवर. घरी ठेवायची प्रत मुद्दाम फिरत्या हार्ड डिस्कवर घेतली आहे. एसएसडी विजेविना कपाटात पडून राहिली तर कालांतराने माहिती सोडू शकते. घरगुती एसएसडीचं प्रमाण मानक असं सांगतं, की पूर्ण झिजलेल्या अवस्थेत ३० अंशाला तिने विजेविना एक वर्ष माहिती धरावी. उन्हाळ्यात बंद कपाटात आपल्याकडे तीस अंश कधीच ओलांडलेले असतात. ती डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. आणि दर महिन्याला त्या प्रतीतली एखादी फाइल खरोखर उघडून बघायची.

एक प्रश्न अजून उरला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो आमच्या मशीनला नाही. परताव्याची प्रकरणं आणि बँकेचे व्यवहार करणारं मशीन अपडेटविना ठेवणं मला मान्य नाही. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन थोडे दिवस काढायचे की लिनक्स टाकून हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालतो का ते बघायचं की नवीन मशीन घ्यायचं, हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे. नवीन घेतलं तरी ही एसएसडी, हे बॅकअप आणि तो सिलिका जेलचा डबा तसेच वापरात राहतील.